हक्क कोणता आणि सवलत कोणती?

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पंधरा मिनिटे बोलायला सांगितले आहे. विषय मीच निवडला. तो ऐकून दोघीतिघी हसल्या, आणि त्यांचे हसणे रास्तच आहे. अमेरिकेतल्या श्रीमंत मंडळींनी सुटीसाठी घरे घेतली, आणि शेजारच्या करमणुकीच्या बागेचा वर्षाचा पास त्यांना मिळेना, म्हणून ती मंडळी नाराज झाली. या गोष्टीशी आपला काय संबंध?

संबंध असा आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी कित्येकींच्या घरी दूरध्वनी आले आहेत. "तुमचा नंबर लागला आहे, जोडीने या, जेवण आमच्याकडे, भेटवस्तूही मिळेल." गेल्यावर कळते की तिथे सुटीच्या घरांचे सभासदत्व विकतात. पंचवीस वर्षे दरसाल सात दिवस थंड हवेच्या ठिकाणी राहायचे, पैसे मात्र आज भरायचे. आपल्यातल्या काहीजणी भिशीचे पैसे त्यात घालायचा विचार करीत आहेत. घालावेत की नाही हे मी सांगणार नाही. पण या धंद्यातल्या जगातल्या सर्वात नावाजलेल्या दुकानात काय घडले, ते ऐकून मग ठरवावे, एवढेच माझे म्हणणे. माझी धाकटी नणंद फ्लॉरिडात राहते. तिने मला हे सगळे समजावून दिले, आणि तारखा व आकडे माझ्या मुलीने पडताळून पाहिले.

आधी हा व्यवहार काय असतो ते सांगते. याला टाइमशेअर म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी कल्पना आपल्याला परकी नाही. चार भावांत एक विहीर असली की पाण्याची पाळी ठरते. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचे. देवस्थानातही पूजेच्या पाळ्या वाटलेल्या असतात आणि त्या वारसाने चालत येतात. तसेच इथे एका खोलीचे वर्ष पुष्कळ जणांत वाटून घेतात. १९६० नंतरच्या काळात युरोपात ही पद्धत सुरू झाली आणि तिथून अमेरिकेत गेली.

आता जागा सांगते. फ्लॉरिडात ऑर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले. स्वतः वॉल्ट डिस्ने ते पाहायला राहिले नाहीत, ते डिसेंबर १९६६ मध्येच वारले. सुमारे २५,००० एकरांचा हा पसारा आहे. त्यात आज चार मोठी उद्याने आहेत. मॅजिक किंगडम हे पहिले, नंतर १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. या उद्यानांच्या आसपास कंपनीचीच हॉटेले आहेत. १९९१ मध्ये कंपनीने तिथेच सुटीच्या घरांची योजना काढली. तिचे नाव डिस्ने व्हेकेशन क्लब.

या क्लबात खोली विकत मिळत नाही, पॉइंट मिळतात. जितके पॉइंट घ्याल तितके दरवर्षी आपल्या खात्यात जमा होतात, आणि खोली, ऋतू, वार पाहून एकेका रात्रीला ते खर्ची पडतात. एका वर्षाचे पॉइंट पुढच्या वर्षाला टाकता येतात, पुढच्या वर्षाचे उसनेही घेता येतात. आपण ज्या ठिकाणचे पॉइंट घेतले तिथे अकरा महिने आधी जागा राखता येते, इतर ठिकाणी सात महिने आधी. हे कायमचेही नाही. पहिल्या योजनेचे मूळ करार जानेवारी २०४२ मध्ये संपणार आहेत. आणि दरवर्षी देखभालीची वर्गणी भरावी लागते. आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स असतो तशीच ती, गेलात तरी भरायची, न गेलात तरी भरायची.

किंमत ऐका. नव्या घरांच्या एका पॉइंटचा भाव आज दोनशे डॉलरच्या वर आहे, आणि सगळ्या सवलती हव्या तर नव्या माणसाला निदान १५० पॉइंट कंपनीकडूनच घ्यावे लागतात. म्हणजे तीस हजार डॉलरच्या वर. आपल्या रुपयांत पंचवीस लाखांहून जास्त. एवढे देऊन माणसे घेतात, कारण त्यांच्या मनात एक चित्र असते. दरवर्षी मुलांना आणायचे, मुले मोठी झाली की नातवंडांना आणायचे, सकाळी खोलीतून निघून उद्यानात जायचे, दुपारी ऊन झाले की परतायचे, संध्याकाळी पुन्हा जायचे.

परंतु या चित्रात दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. खोली ही एक, आणि उद्यानाच्या फाटकातून आत जाणे ही दुसरी. क्लबाचे पैसे भरले म्हणून फाटक उघडत नाही. त्याला निराळे तिकीट लागते. डिसेंबर २०२२ पासून मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट ऐन गर्दीच्या दिवसांत एका माणसाला १८९ डॉलर झाले होते. जास्त दिवसांचे एकदम घेतले तर रोजचा दर उतरतो, हे खरे. पण जे वर्षातून दोनतीनदा जातात त्यांना वर्षाचा पास परवडतो. क्लबाच्या सभासदांना पूर्वी तो पास सवलतीत मिळत असे. त्यामुळे खोली आणि पास हे जोडीने येणारच, असे पुष्कळांनी मनाशी धरले होते.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली आणि जुलै २०२० मध्ये थोड्या थोड्या लोकांना घेऊन उघडली. तेव्हापासून आत जायला तिकिटाखेरीज त्या दिवसाची आगाऊ नोंदणीही लागू लागली. वर्षाच्या नव्या पासांची विक्री थांबली ती ८ सप्टेंबर २०२१ ला पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी चार प्रकारचे पास निघाले. सर्वात स्वस्त ३९९ डॉलरचा, त्यावरचा ६९९ चा, आणि हे दोन्ही केवळ फ्लॉरिडातल्या रहिवाशांना. तिसरा सॉर्सरर नावाचा ८९९ डॉलरचा, तो फ्लॉरिडाच्या रहिवाशांना आणि क्लबाच्या सभासदांना. चौथा १,२९९ डॉलरचा, तो कोणालाही.

अडीच महिने झाले नाहीत तोच, नोव्हेंबर २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात, वरच्या तिन्ही पासांची नवी विक्री बंद झाली. चालू राहिला तो फक्त सर्वात स्वस्त, फ्लॉरिडाच्या रहिवाशांचा. ज्यांच्याजवळ आधीचा पास होता त्यांना तो पुढे चालवता येत होता. परंतु ज्यांचा पास मधल्या काळात सुटला होता, किंवा ज्यांनी नुकतीच घरे घेतली होती, त्यांना दार बंद. हे दार एप्रिल २०२३ मध्ये उघडले. म्हणजे सतरा महिने गेले. तोवर सॉर्सरर पास ९६९ डॉलरचा झाला होता आणि सर्वात मोठा १,३९९ चा. त्यानंतर दर आणखी चढले आहेत.

आता त्या सभासदांच्या जागी बसून पाहा. माझी नणंद फ्लॉरिडात राहते. तिच्या नावावर त्या क्लबाचा एक पॉइंट नाही. पण त्या सतरा महिन्यांत तिला ३९९ चा पास मिळू शकत होता. आणि दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याने पंचवीस-तीस हजार डॉलर भरलेले, दरसाल वर्गणी भरणारा, त्याला "थांबा" असे उत्तर. पैशापेक्षा हीच गोष्ट लोकांना अधिक झोंबली. घरच्या लेकीला ओसरीवर बसवून पाहुण्याला माजघरात नेले तर तिला कसे वाटेल, तसे ते होते.

शिवाय सतरा महिने हा काळ सर्वांना सारखा नसतो. त्या उद्यानांत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, आणि दहावे वर्ष लागले की मोठ्या माणसाचा दर लागतो. मूल लहान आहे तोवरच जाण्यात मौज, असे आईबापांचे गणित असते. आजीआजोबांचे गणित गुडघ्यांचे असते. कंपनीला सतरा महिने म्हणजे हिशेबाच्या वहीतली काही पाने. मुलांना आणि म्हाताऱ्यांना ती वर्षे परत मिळत नाहीत.

परंतु मी एकाच बाजूने बोलणार नाही. कोणाला फाटकावरून हाकलले नव्हते. दिवसाचे तिकीट त्यांनाही मिळत होते, फक्त महाग पडत होते. आणि कंपनीच्या बाजूनेही विचार करून पाहा. आपल्या ओळखीच्या एखाद्या खानावळीत वीस पाने बसतात असे धरा. महिनेवारी सभासद रोज येतात, जेवतात, जातात, आणि ठरलेल्या पैशातच जेवतात. फुटकळ गिऱ्हाईक एका ताटाला जास्त देते आणि वर श्रीखंडही मागते. बाहेर फुटकळ गिऱ्हाइकांची रांग लागली की मालक काय करील? नवे महिनेवारी सभासद घेणे तूर्त बंद करील. वर्षाचा पास म्हणजे ही महिनेवारी. मालकाने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. त्याची जागा, त्याचा स्वयंपाक. परंतु खानावळीच्याच माडीवरची खोली भाड्याने घेताना "खाली जेवणाची सोय आहेच" असे ज्याने धरून चालले, तो मात्र उपाशी राहतो.

इथेच मला जे सांगायचे आहे ते येते. हक्क एक, आणि सवलत दुसरी. क्लबाच्या कागदात खोलीचा हक्क लिहिलेला आहे. किती पॉइंट, कोणत्या सालापर्यंत, किती महिने आधी जागा राखायची, सगळे लिहिलेले. पासावरची सूट, इतर छोटेमोठे लाभ, यांच्याबद्दल मात्र असे म्हटलेले असते की हे सगळे उपलब्ध असेल तर, बदलेल, किंवा सूचना न देता बंदही होईल. ज्या गोष्टीसाठी लोकांनी घरे घेतली ती गोष्ट हक्काच्या पानावर नव्हतीच, ती सवलतीच्या पानावर होती. विकणारा बोलताना दोन्ही पाने एकाच सुरात वाचतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

सवलत कशी आखडते याचे दुसरे उदाहरण याच क्लबाचे आहे. ज्याला आपले पॉइंट नको झाले तो ते दुसऱ्याला विकू शकतो. पण ४ एप्रिल २०१६ पासून असा नियम झाला की जो कंपनीकडून न घेता दुसऱ्या सभासदाकडून घेईल, त्याला खोली मिळेल, या जादा सवलती मिळणार नाहीत. म्हणजे विकणाऱ्याच्या हातून जाताना मालाचा एक भाग वाटेतच गळून पडतो. आपण घेताना विकण्याचा विचार करीत नाही. जुनी पैठणी मोडायला गेले की जरीचे पैसे मिळतात, हौसेचे मिळत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तेच.

आणि लिहून दिलेल्या शब्दाला काय वजन असते तेही पाहा. त्यासाठी आपण अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात जाऊ. तिथे याच कंपनीचे १९५५ सालचे पहिले उद्यान आहे, डिस्नेलँड. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे वर्षाच्या पासाऐवजी निरनिराळ्या किल्ल्या विकायला काढल्या. सर्वात महाग किल्ली १,३९९ डॉलरची, ड्रीम की. तिच्या जाहिरातीत म्हटले होते की हिला वर्ज्य दिवस एकही नाही. लोकांनी घेतली. पुढे नोंदणी करायला जावे तर हवा तो दिवस मिळेना, आणि त्याच दिवसाचे साधे तिकीट मात्र विकत मिळत होते. एका बाईने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वांच्या वतीने दावा लावला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. किल्ली घेणारे एक लाखाच्या वर होते, वकिलांचा खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६७ डॉलर आले.

चौदाशेच्या किल्लीवर सदुसष्ट डॉलर म्हणजे काही मोठे घबाड नव्हे. तरीही त्या बाईच्या हातात बोट ठेवायला एक छापील शब्द होता. "वर्ज्य दिवस नाही," असे तुम्हीच म्हणालात, असे तिला विचारता आले. फ्लॉरिडातल्या घरवाल्यांच्या हाती असा शब्द नव्हता. त्यांच्याजवळ होती ती अपेक्षा. वाट पाहणे, पत्रे लिहिणे आणि एकमेकांजवळ बोलून दाखवणे, एवढेच त्यांना करता आले. पुढे ९ जानेवारी २०२४ पासून पासवाल्यांना ठरावीक दिवशी नोंदणीशिवाय जाऊ देऊ लागले, तेही कंपनीने स्वतः ठरवले म्हणून.

आता आपल्याकडे येते. मागच्या वर्षी असे बोलावणे आम्हालाही आले होते, आणि आम्ही उभयता गेलो होतो. कंपनीचे नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. जेवण बरे होते. एक तरुण मुलगा फार गोड बोलत होता, मला मावशी म्हणत होता. त्याने चित्रे दाखवली. दिवाळीत अमुक ठिकाण, मे महिन्यात तमुक ठिकाण, मुलांना पोहायला तलाव, वाढदिवसाला केक. मी म्हटले, "बाळ, मला इंग्रजी येत नाही. माझी सातवी झालेली आहे. मे महिन्यात खोली मिळेलच असे या कागदात कोठे लिहिले आहे, तेवढी ओळ मला मराठीत वाचून दाखव." त्याने पाने उलटली. मग म्हणाला, "मावशी, असे लिहिलेले नसते, पण मिळतेच." मी म्हटले, "मिळतेच तर लिहायला काय हरकत आहे?" तो साहेबांना बोलावून आणतो म्हणून गेला. साहेब आले आणि म्हणाले की आजच सही केली तर पन्नास हजारांची सूट आहे, उद्या नाही. आम्ही काचेच्या दोन वाट्या भेट घेऊन घरी आलो.

तो मुलगा खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. कदाचित मिळतही असेल. आपल्या ओळखीत काही मंडळी अशा सभासदत्वावर खूष आहेत. त्यांना शाळेच्या सुट्यांची अडचण नाही, आषाढातही ती जातात. ज्याला कोणताही आठवडा चालतो त्याला हा व्यवहार सोयीचा पडू शकतो. ज्याला मुलांची मेची सुटीच हवी, त्याने मेचाच शब्द लेखी घ्यावा. कारण मे महिना सर्वांनाच हवा असतो, आणि विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कोणाच्या पाळीला किती येते हे आपण जाणतो.

म्हणून, मैत्रिणींनो, कोठे सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. पहिली, ज्या गोष्टीसाठी मी हे घेते आहे ती करारात कोणत्या पानावर आहे? दुसरी, ती गोष्ट कंपनीला आपल्या मर्जीने बदलता येते का? तिसरी, वर्षाची वर्गणी आज किती, आणि ती वाढवायला काही मर्यादा आहे का? चौथी, उद्या मला नको झाले, किंवा माझ्यामागे मुलांना द्यायचे झाले, तर घेणाऱ्याच्या हाती हे सगळे पडेल की त्यातले काही गळेल? कागद इंग्रजीत असेल तर घरी आणा, मुलांकडून मराठीत वाचून घ्या. जो कागद घरी नेऊ देत नाही त्याच्यावर सही करू नका. आजची सूट उद्या नसते, असे जो सांगतो त्याला सांगा की आमची सहीही आज नसते.

आणि कोणी आधीच पैसे भरले असतील तर तिने मनातल्या मनात कुढत बसू नये. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत रक्कम दिली असेल तर तक्रारीला फीही पडत नाही. मात्र जाताना पावत्या, जाहिरातीचा कागद, आलेले निरोप, सगळे घेऊन जावे. तोंडी गोड शब्दाची पावती मिळत नाही.

शेवटी एवढेच सांगते. सुटी घेऊ नये, मौज करू नये, असे माझे म्हणणे नाही. वर्षभर चुलीपाशी उभे राहिलेल्या बाईने आठ दिवस दुसऱ्याच्या हातचे जेवावे, याहून रास्त इच्छा नाही. त्या फ्लॉरिडातल्या आजीआजोबांची इच्छाही अशीच साधी होती, नातवंडांचा हात धरून दरवर्षी एका फाटकातून आत जायचे. त्यांनी ज्याची किंमत मोजली ती खोली त्यांना मिळाली. ज्याची ओढ होती ते फाटक मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर राहिले. आपल्यापैकी कोणाचे तसे होऊ नये. येत्या रविवारी ज्यांना जेवणाचे बोलावणे आहे त्यांनी खुशाल जावे, जेवावे, कागद घरी आणावा. बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसून तो आपण सगळ्याजणी मिळून वाचू. माझी मुलगी मराठी करून सांगायला येणार आहे.